'सांगत्ये ऐका' : भूमिकांपलीकडच्या हंसा वाडकर

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी राजापूर मागे टाकून खारेपाटणला पोहोचला, की तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतो. शिलाहार राजा रट्टराज याच्या इ. स. १००८ च्या ताम्रपटामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले हे एकेकाळचे खाडीबंदर म्हणजे आजच्या जिल्ह्याची उत्तरेकडची वेस. तेथून कणकवली, कुडाळ ओलांडत सावंतवाडीपर्यंतच्या या पट्ट्याने मराठी रंगभूमीला आणि साहित्याला किती माणसे दिली, याची उजळणी कोकणी माणूस मोठ्या अभिमानाने करतो. मालवणशी नाते सांगणारे मामा वरेरकर, कुडाळजवळच्या बागलांची राई या गावचे चिं. त्र्यं. खानोलकर, आरवलीचे जयवंत दळवी, 'वस्त्रहरण' घराघरांत पोहोचवणारे मच्छिंद्र कांबळी ही नावे त्यात हटकून येतात. या नामावळीत स्त्रियांची नावे मात्र क्वचितच ऐकू येतात. सावंतवाडीच्या साळगावकर घराण्यातील रतन ऊर्फ हंसा वाडकर हे त्यांपैकी एक नाव.

हंसा वाडकर यांची ओळख सर्वसाधारणपणे दोन प्रकारे करून दिली जाते. जुन्या पिढीच्या दृष्टीने त्या 'लोकशाहीर रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका' या गाजलेल्या चित्रपटांच्या अभिनेत्री होत. नंतरच्या पिढीला त्या ठाऊक आहेत त्या श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'मागची मूळ व्यक्ती म्हणून. या दोन ओळखींच्या मधोमध एक पुस्तक उभे आहे. 'सांगत्ये ऐका' याच नावाचे त्यांचे आत्मकथन १९६६ मध्ये 'माणूस' या नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागले आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने ते ग्रंथरूपात आणले. जेमतेम मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या एका अभिनेत्रीचे हे पुस्तक मराठी वाचकांनी एखाद्या लोकप्रिय कादंबरीच्या उत्सुकतेने वाचले. आयुष्यभर इतरांनी लिहिलेली वाक्ये बोलणाऱ्या स्त्रीला स्वतःचे वाक्य कसे सापडले आणि त्या वाक्याचे पुढे काय झाले, ही या पुस्तकाची खरी कहाणी आहे.

सावंतवाडीचे घर

रतन भालचंद्र साळगावकर यांचा जन्म १९२३ मधला, मुंबईतला. बालपणाचा महत्त्वाचा काळ मात्र सावंतवाडीत गेला. सावंतवाडी हे तेव्हा भोसले घराण्याचे स्वतंत्र संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा निर्माण झाला.

साळगावकरांचे घर गाण्याबजावण्याची परंपरा असलेले, म्हणजे त्या काळच्या भाषेत कलावंतिणींचे घराणे. या शब्दाला असलेली सामाजिक बोच आजच्या वाचकाला समजावून सांगावी लागते. कोकणात आणि गोव्यात देवळांशी निगडित असलेल्या या घराण्यांतील स्त्रिया शास्त्रोक्त गाणे शिकत. उत्सवांत, लग्नकार्यांत त्यांना मानाने बोलावणे येई. त्यांच्या कलेला दाद मिळे. परंतु त्यांच्याशी सोयरीक जोडायला कोणी पुढे येत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुधारणेचे वारे वाहू लागले. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. अनेक घरांनी जुना व्यवसाय सोडून मुलींची लग्ने करण्याचा निश्चय केला. प्रतिष्ठेची वाट खुली होत होती, तशी उपजीविकेची जुनी वाट बंद होत होती. या दोहोंमध्ये सापडलेल्या पिढीत रतनचा जन्म झाला.

याच मुलखातील दशावतारी नाटक रात्र रात्र रंगे. त्यात राण्या, अप्सरा, पतिव्रता सगळ्या असत. पण त्या भूमिका पुरुषच करीत. गावच्या देवळापुढच्या त्या रंगमंचावर स्त्रीला प्रवेश नव्हता. गाणाऱ्या-नाचणाऱ्या घरातील मुलीला गाव ओळखत असे, परंतु तिच्यासाठी गावात रंगमंच नव्हता. तो मुंबईत होता, आणि १९३०च्या दशकात त्या रंगमंचाचे नाव होते बोलपट. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्या काळी दक्षिण कोकणातून मुंबई गाठायची तर वेंगुर्ल्यासारख्या बंदरातून आगबोटीने जाणे हीच रूढ वाट होती. पोटापाण्यासाठी असंख्य कोकणी कुटुंबे या वाटेने गेली. वडिलांचे व्यसन आणि घरातील ओढगस्त यांमुळे साळगावकर कुटुंबावरही तीच वेळ आली.

रतनची हंसा झाली

घर चालवण्यासाठी कुणीतरी मिळवते व्हायला हवे होते, आणि मिळवती होण्याची वेळ एका शाळकरी मुलीवर आली. वडिलांची बहीण इंदिराबाई वाडकर गायन आणि अभिनयाच्या क्षेत्रात होत्या. त्यांच्यामुळे रतनला चित्रपटाचे दार उघडले. घराण्याचे नाव पडद्यावर झळकू नये, असा नातेवाइकांचा आग्रह होता. म्हणून आडनाव आत्याचे घेतले गेले आणि रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली. घराला पैसा हवा होता, नाव मात्र नको होते. पुढे संपूर्ण आयुष्यभर त्यांच्या वाट्याला आलेल्या विसंगतीची ही पहिली खूण म्हणावी लागेल.

१९३६ मधील 'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. पुढे बॉम्बे टॉकीजसारख्या नामांकित संस्थेत त्यांचा प्रवेश झाला आणि १९३९ मध्ये 'नवजीवन' या हिंदी चित्रपटात त्या नायिका म्हणून आल्या. त्या काळातील स्टुडिओ ही मासिक पगारावर चालणारी शिस्तबद्ध संस्था असे. अभिनय, नृत्य, उच्चार यांचे शिक्षण तेथेच मिळे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या हंसाबाईंची खरी शाळा हीच.

१९४१ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत सखू' आला. सासुरवास सोसून विठ्ठलाच्या भेटीची आस धरणाऱ्या सखूच्या भूमिकेने त्यांना मराठी घराघरांत नेले. १९४९ मध्ये त्यांनी 'संत जनाबाई'ही साकारली. या दोन्हींच्या मध्ये, १९४७ मध्ये, राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' पडद्यावर आला. बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखालील या चित्रपटात जयराम शिलेदार रामजोशी झाले होते आणि तमाशातील बयेची भूमिका हंसाबाईंनी केली होती. ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाई यांचे संगीत यांची साथ लाभलेल्या या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाट आणली, असे चित्रपटाचे अभ्यासक मानतात.

म्हणजे एकाच दशकात एकच अभिनेत्री सखू झाली, जनाई झाली आणि फडावरची बयाही झाली. मराठी चित्रपटाने स्त्रीसाठी आखलेल्या दोन टोकांच्या प्रतिमा, सोशिक भक्तीण आणि घायाळ करणारी नाचणारीण, हंसाबाईंनी सारख्याच ताकदीने उभ्या केल्या. १९५० मध्ये राजा परांजपे यांच्या 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत त्या झळकल्या. पुढे 'मी तुळस तुझ्या अंगणी', 'नायकिणीचा सज्जा' असे चित्रपट येत राहिले.

१९५९ मध्ये अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' प्रदर्शित झाला. हंसा वाडकर आणि त्या वेळी नव्याने पुढे येत असलेल्या जयश्री गडकर या दोघी त्यात होत्या. वसंत पवारांच्या संगीताने नटलेला हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तब्बल १३१ आठवडे चालला. मराठी चित्रपटाच्या इतिहासातील हा एक मोठा विक्रम ठरला.

पडद्यामागचा संसार

प्रेक्षक हंसाबाईंची सखू पाहून डोळे पुसत होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात काय चालले होते, हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ते त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. कोवळ्या वयात, घराशी आधीपासून संबंध असलेल्या आणि वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी त्यांचे लग्न झाले. लग्नानंतर चित्रपट सोडून चारचौघींसारखा संसार करावा, ही त्यांची इच्छा. परंतु त्यांच्या कमाईवर आता दोन घरे अवलंबून होती. काम थांबवणे शक्य झाले नाही. मिळकतीवर मात्र त्यांचा अधिकार राहिला नाही. एक कन्या झाली. आणखी मुले हवी असूनही ती होऊ शकली नाहीत, हे शल्य त्यांच्या निवेदनात वारंवार येते. संशय, भांडणे, मारहाण आणि मग दारू अशी ही उतरंड त्यांनी कोणतीही सारवासारव न करता मांडली आहे.

एकदा त्या घर सोडून निघाल्या आणि मराठवाड्यातील एका खेडेगावात, आधीच विवाहित असलेल्या एका पुरुषाच्या घरी जाऊन राहिल्या. चित्रपटाची नायिका तेथे डोक्यावर पदर घेऊन, चार भिंतींच्या आत संसार करू लागली. ज्या घरपणाचा त्यांना ध्यास होता ते तेथे मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात तो एक बंदिवास ठरला. पतीच्या मदतीनेच त्यांची तेथून सुटका झाली. त्या सुटकेच्या प्रवासात, ज्याने कायद्याने रक्षण करायचे अशाच एका अधिकाऱ्याने अत्याचार केल्याचेही त्यांनी सांगितले आहे. १९६०च्या दशकात एका ख्यातनाम स्त्रीने स्वतःच्या नावानिशी हे जाहीरपणे सांगणे किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येणे अवघड आहे. त्या काळी अशी गोष्ट घरात सांगण्याचीही सोय नसे.

सांगणारी आणि लिहिणारा

श्री. ग. माजगावकर यांनी १९६१ मध्ये पुण्याहून 'माणूस' सुरू केले. राजकारण, युद्धे, चळवळी, प्रवास, माणसे अशा विषयांवर जिवंत आणि ताजे लिखाण छापणारे नियतकालिक म्हणून त्याची ख्याती झाली. तेथे लिहू लागलेल्या तरुणांत अरुण साधू होते. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांनी पुढे मराठी राजकीय कादंबरीला वळण देणारे हे लेखक. हंसाबाईंच्या आठवणींचे शब्दांकन त्यांनी केले, तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम पंचविशीचे.

अशा पुस्तकाविषयी एक शंका नेहमी घेतली जाते. सांगणारी एक आणि लिहिणारा दुसरा, तर पुस्तक कोणाचे? ही शंका अनाठायी नाही. कोणता प्रसंग आधी घ्यायचा, कोठे थांबायचे, कोणता शब्द ठेवायचा हे निर्णय शब्दांकन करणाऱ्याच्या हाती असतात. परंतु 'सांगत्ये ऐका' वाचताना जाणवतो तो बोलण्याचा बाज. वाक्ये छोटी आहेत. अलंकरण नाही. आठवण तारखांच्या क्रमाने येत नाही. एका प्रसंगातून दुसरा निघतो, जसा तो बोलता बोलता निघावा. स्वतःचे समर्थन करण्याची धडपड नाही, तशीच स्वतःला दोषी ठरवून सहानुभूती मिळवण्याचीही नाही. स्वतःचे व्यसन, स्वतःचे उतावळे निर्णय, स्वतःचा हट्टीपणा यांची कबुली त्या पतीच्या वागण्याइतक्याच स्पष्टपणे देतात. शब्दांकन करणाऱ्याने येथे स्वतःची शैली मागे ठेवली, हे त्याचे मोठेपण.

शीर्षकाकडेही थोडे थांबून पाहायला हवे. ते अर्थातच गाजलेल्या चित्रपटावरून घेतले आहे. पण मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू येते. 'सांगत्ये' हे क्रियापद बोलणारी व्यक्ती स्त्री आहे हे स्वतःच सांगते. पुरुषाने म्हटले असते तर ते 'सांगतो ऐका' झाले असते. आणि 'ऐका' ही विनंती जितकी आहे, तितकीच आज्ञाही आहे. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी केला आणि तो २०१३ मध्ये 'यू आस्क, आय टेल' या नावाने प्रसिद्ध झाला. 'तुम्ही विचारता, मी सांगते' असा त्याचा अर्थ. हा अनुवाद महत्त्वाचा आहे, त्याने हंसाबाईंना मराठीबाहेरचे वाचक मिळवून दिले. शीर्षकात मात्र सूक्ष्म फरक पडला. मराठी शीर्षकात कोणीही काही विचारलेले नाही. बाई स्वतःहून बोलायला उभी राहिली आहे आणि समोरच्याला ऐकायला सांगते आहे.

परंपरेत स्थान कोठे?

मराठीत स्त्रियांच्या आत्मकथनांची परंपरा मोठी आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मधले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३०च्या दशकातली. औपचारिक शिक्षण नसतानाही बोलीच्या बळावर केवढे मोठे पुस्तक उभे राहू शकते, याचा तो वस्तुपाठच. या दोन्ही पुस्तकांत पती हा कथेचा सूर्य आहे आणि लेखिका त्याच्याभोवती फिरत आपली वाट शोधते. हंसाबाईंच्या कथनात असा सूर्य नाही. थोर पतीच्या सहवासातून येणारी प्रतिष्ठा त्यांना उपलब्ध नव्हती, उच्चवर्णीय घराची सुरक्षितताही नव्हती.

अभिनेत्रींनी लिहिण्याची सुरुवातही जुनी आहे. शांता आपटे यांनी १९४० मध्येच 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून चित्रपटसृष्टीची चिकित्सा केली होती. पुढे स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता', लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत', दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे', शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' अशी आत्मचरित्रे १९७०च्या दशकापासून एकामागून एक आली. कथात्म साहित्याकडे वळलेल्या अभिनेत्री तुलनेने थोड्या. 'रजनी' या दूरदर्शन मालिकेने घरोघरी पोहोचलेल्या प्रिया तेंडुलकर (१९५४-२००२) यांनी 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' यांसारख्या कथासंग्रहांतून स्वतंत्र लेखिका म्हणून स्थान मिळवले, हे ठळक उदाहरण.

हंसाबाईंचे कथन ज्या वर्षी 'माणूस'मध्ये येऊ लागले, त्याच १९६६ मध्ये अमेरिकेत घडलेली एक गोष्ट या संदर्भात आठवते. जॅकलिन सुझान या फिलाडेल्फियात जन्मलेल्या अभिनेत्रीने न्यूयॉर्कची रंगभूमी आणि दूरचित्रवाणी यांवर अनेक वर्षे किरकोळ भूमिका केल्या. अभिनयात मोठे यश काही मिळाले नाही. मग तिने 'व्हॅली ऑफ द डॉल्स' ही कादंबरी लिहिली. रंगभूमी व चित्रपटाच्या जगात शिरलेल्या तीन तरुणी, त्यांची नाती आणि गोळ्यांचे व्यसन हा तिचा विषय. समीक्षकांनी नाके मुरडली. वाचकांनी मात्र ती कोट्यवधींच्या संख्येने विकत घेतली. 'द लव्ह मशीन' आणि 'वन्स इज नॉट इनफ' या तिच्या पुढच्या दोन कादंबऱ्याही न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत अग्रस्थानी पोहोचल्या. लागोपाठ तीन कादंबऱ्या त्या स्थानी नेणारी ती पहिली लेखक ठरली.

दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुझानच्या पाठीशी प्रसिद्धीचे तंत्र जाणणारा पती होता, बलाढ्य प्रकाशन व्यवसाय होता. हंसाबाईंपाशी एक नियतकालिक आणि एक सहृदय तरुण लेखक एवढेच होते. तरीही एक साम्य आहे. झगमगाटाच्या जगात स्त्रीला कोणती किंमत मोजावी लागते, हे त्या जगात राहिलेल्या स्त्रीकडून ऐकण्याची भूक दोन्हीकडच्या वाचकांना सारखीच होती. सुझानने ते कादंबरीच्या पडद्याआडून सांगितले. कोणते पात्र म्हणजे प्रत्यक्षातली कोणती तारका, याचे तर्क वाचक करीत बसले. हंसाबाईंनी पडदा घेतलाच नाही.

त्याच काळात महाराष्ट्रातील वाचनालये कौटुंबिक कादंबऱ्यांनी भरलेली होती. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांसारख्या लेखिकांच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग होता. अनेक संकटांनंतर नायिकेला अखेर तिचे घर मिळते, हा अशा कादंबरीचा वाचकाला हवाहवासा शेवट. 'सांगत्ये ऐका'ची नायिका तेच घर शोधत निघालेली असते. फरक एवढाच की तिला ते सापडत नाही, आणि सापडल्याचे खोटे समाधानही ती वाचकाला देत नाही.

'भूमिका' आणि नंतर

ग्रंथरूपाने आपली कहाणी पाहिल्यानंतर हंसाबाई फार काळ जगल्या नाहीत. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच, पन्नाशीच्या आत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कहाणीचा पुढचा प्रवास त्यांना पाहायला मिळाला नाही.

१९७७ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' हा हिंदी चित्रपट आला. पटकथा बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांची होती. उषा ऊर्फ उर्वशीच्या भूमिकेत स्मिता पाटील, पतीच्या भूमिकेत अमोल पालेकर आणि तिला आपल्या वाड्यात कोंडून ठेवणाऱ्या श्रीमंत गृहस्थाच्या भूमिकेत अमरीश पुरी होते. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तेव्हा बाविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्मिताबाईंनी किशोरवयापासून प्रौढपणापर्यंतची उषा उभी केली.

'भूमिका' हा मोठा चित्रपट आहे यात शंका नाही. पण त्याने मूळ कथनात काही बदल केले, हेही नोंदवायला हवे. पात्रांची नावे बदलली, घटनांची मांडणी बदलली आणि शेवटी एकटेपणा स्वीकारणारी, कोणाचाही आधार न मागणारी नायिका पडद्यावर उरली. हा शेवट स्त्रीमुक्तीच्या विचारांनी भारलेल्या सत्तरच्या दशकाला साजेसा होता. पुस्तकातील हंसाबाई इतक्या निश्चयी नाहीत. त्या पुन्हा पुन्हा माणसांकडे वळतात, फसतात, परत उठतात. चित्रपटाने त्यांच्या आयुष्याला अर्थ दिला. पुस्तकात ते आयुष्य अर्थाच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच ते अधिक खरे वाटते. योगायोग असा, की स्वतःची कहाणी सांगूनही हंसाबाई अखेर आणखी एका भूमिकेचे कारण ठरल्या. आज अनेकांना 'भूमिका' माहीत असतो, मूळ पुस्तक माहीत नसते.

पुढे १९८८ मध्ये माधवी देसाई यांचे 'नाच ग घुमा' आणि १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले. नामवंत पुरुषांबरोबरच्या सहजीवनाचा हिशेब मांडणाऱ्या या पुस्तकांनी मराठी मध्यमवर्ग ढवळून निघाला. त्यांची वाट कोणी आधी पायाखाली घातली होती, याचा विचार करताना साहित्याच्या चर्चेत हंसाबाईंचे नाव फारसे घेतले गेले नाही. अभिनेत्रीचे पुस्तक म्हणजे चित्रपटसृष्टीच्या खमंग गोष्टी, ही समजूत त्याला कारणीभूत असावी. शिवाय ते 'लिहिलेले' नसून 'सांगितलेले' होते. ज्या भाषेत ओवी आणि जात्यावरचे गाणे हे साहित्य मानले जाते, त्या भाषेने सांगितलेल्या पुस्तकाला दुय्यम ठरवावे, हे काहीसे विचित्रच.

हंसा वाडकर यांचे अनेक चित्रपट आज सहज पाहायला मिळत नाहीत. जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रतींची आपल्याकडे किती आबाळ झाली, हे सर्वश्रुत आहे. पुस्तक मात्र टिकले आहे. सावंतवाडीच्या त्या घराला पडद्यावर आपले आडनाव नको होते. म्हणून रतन साळगावकर हे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत आले नाही. ते वाचकांपर्यंत पोहोचले ते या पुस्तकातूनच. खारेपाटणच्या वेशीपासून सुरू होणाऱ्या या जिल्ह्याने आपल्या लेखक-कलावंतांची यादी पुन्हा मांडताना त्या नावाला जागा करून द्यायला हरकत नाही. ज्यांनी केवळ 'भूमिका' पाहिला आहे, त्यांनी एकदा मूळ पुस्तक हाती घ्यावे. आज्ञा साधी आहे : ऐका.